तपासता येणारा शब्द

फ्रँकफुर्टपासून पंचवीसेक किलोमीटरवर, माइनफ्लिंगेन या गावाशेजारी, एक दीर्घलहरी रेडिओ केंद्र आहे. डीसीएफ ७७ हे त्याचे नाव. त्यावर गाणी लागत नाहीत की बातम्या लागत नाहीत; ७७.५ किलोहर्ट्झच्या लहरीवर ते फक्त वेळ सांगते. १९५९ मध्ये ते सुरू झाले, १९७३ पासून त्यावर तारीख आणि वेळ सांकेतिक रूपात जाऊ लागली, आणि १९७८ च्या कायद्याने जर्मनीची अधिकृत वेळ ठरवण्याचे व पोचवण्याचे काम ब्राउनश्वाइगच्या राष्ट्रीय मापन संस्थेकडे, म्हणजे पीटीबीकडे, आले. सांगण्याची रीत साधी आहे. सेकंदाच्या आरंभी लहरीची ताकद एकदम उतरते. ती सेकंदाचा दहावा भाग उतरलेली राहिली तर शून्य समजायचे, पाचवा भाग राहिली तर एक. मिनिटाच्या अखेरच्या सेकंदाला ती उतरतच नाही आणि त्यावरून नवे मिनिट कुठे सुरू होते ते कळते. युरोपभरच्या घरांतली, स्टेशनांतली, कारखान्यांतली असंख्य घड्याळे ही खूण ऐकून स्वतःला सुधारून घेतात. घड्याळाच्या मालकाला यातले काही ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही पडत नाही.

१९८३ पासून याच लहरीवर वेळ आणखी एका रीतीने सांगितली जाते आणि साध्या घड्याळांना ती ऐकूच येत नाही. लहरीची ताकद जशीच्या तशी ठेवून तिची फेज, म्हणजे तिच्या चढउताराची घडी, किंचित मागेपुढे केली जाते: १५.६ अंश पुढे किंवा तितकीच मागे. सेकंद सुरू झाल्यावर दोनशे मिलिसेकंद थांबून ५१२ तुकड्यांची एक माळ जाते. प्रत्येक तुकड्यात लहरीची १२० आवर्तने असतात, आणि सगळी माळ सुमारे ७९३ मिलिसेकंदांत संपते. कोणता तुकडा पुढे आणि कोणता मागे हे वरवर पाहता फासे टाकून ठरवल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात तो क्रम नऊ खान्यांच्या एका सोप्या अंकयंत्रातून निघतो आणि दर सेकंदाला तोच असतो; शून्य सांगायचे तर सुलटा, एक सांगायचा तर उलटा. त्यात पुढचे आणि मागचे तुकडे सारखेच आहेत. त्यामुळे सरासरी फेज हलत नाही, आणि जे लोक या लहरीचा उपयोग वारंवारितेचे माप म्हणून करतात त्यांना धक्का लागत नाही. ही रचना करणाऱ्यांनी आधीच्या ऐकणाऱ्यांची किती काळजी घेतली आहे हे मला फार मोलाचे वाटते. पुढच्या युक्तिवादाला त्याचा आधार आहे.

ही दुसरी वेळ वाचणारे जे लोक आहेत त्यांत हौशी मंडळी बरीच आहेत. फेराइटच्या कांडीवर तारेचे वेटोळे घालायचे, कपॅसिटर जोडून ते ७७.५ ला जुळवायचे आणि दर सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने घेणाऱ्या साउंड कार्डात ते सरळ खुपसायचे, सामान एवढेच. बाकीचे काम गणिताचे. पडद्यावर प्रथम दिसते ती फेजची एक तिरकी रेषा. ती तिरकी असते, कारण संगणकातला स्फटिक माइनफ्लिंगेनच्या अणुघड्याळाच्या चालीने चालत नाही. तो तिरकेपणा वजा केला की उरतो खरखरीचा जाडसर पट्टा, ज्यात शेजारच्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरांची सगळी कुरकुर मिसळलेली असते. १५.६ अंशांचा तो डोल त्या पट्ट्यात डोळ्यांना दिसत नाही. मग ठाऊक असलेली ५१२ तुकड्यांची माळ या पट्ट्यावर ठेवून, एकेक तुकडा गुणून, सगळ्यांची बेरीज करायची; माळ थोडी सरकवून पुन्हा बेरीज करायची. बहुतेक जागी बेरीज शून्याच्या आसपास घोटाळते. एका जागी ती एकदम उंच उठते. ती जागा म्हणजे सेकंदाची खूण, आणि ती ताकदीच्या उताराने सांगितलेल्या खुणेपेक्षा कितीतरी पटींनी नेमकी असते: चांगल्या परिस्थितीत मायक्रोसेकंदांत मोजण्याइतकी.

यांच्या भिंतीवरचे घड्याळ आधीच बरोबर असते, म्हणजे वेळेसाठी हा खटाटोप चाललेला नसतो. एका अधिकाऱ्याने सांगितलेली गोष्ट खरी आहे का, आणि ती कशी सांगितली गेली, हे स्वतः पाहण्याची ही धडपड आहे. त्यामुळे तिला रेडिओच्या छंदापलीकडचा अर्थ येतो. दुसऱ्याच्या शब्दावरून झालेले ज्ञान हे ज्ञान असते का? असेल तर त्याची तपासणी हा त्या शब्दाचा अपमान ठरतो का? आपल्या दर्शनांनी शब्दप्रमाण या नावाखाली या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे आणि आजही श्रद्धेची गोष्ट निघाली की माणसे नकळत त्या वादातली एखादी बाजू घेऊन बोलतात. मला मांडायचे आहे ते असे: तपासणी श्रद्धेच्या विरोधात नसते, कारण श्रद्धेखेरीज तपासणी सुरूच होत नाही. मात्र तपासणीची साधने जो हाती देत नाही, त्याला श्रद्धा मागण्याचा अधिकार पोचत नाही.

वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताची, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाची, व्याख्या केली आहे. त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. पुढे तो म्हणतो की ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू आहे. आप्तपणा कुळावर, वेषावर किंवा पदावर अवलंबून नाही, हे इतक्या स्वच्छपणे तेव्हा सांगितले गेले याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडला आहे. या व्याख्येने माइनफ्लिंगेनचे केंद्र आप्त ठरते. त्याच्याजवळ अणुघड्याळे आहेत, म्हणजे वस्तूचे ज्ञान आहे. आणि ते रात्रंदिवस सांगत बसले आहे, म्हणजे सांगण्याची इच्छाही आहे. मग तपासायचे कशाला? मीमांसक कुमारिल भट्ट म्हणेल, तपासू नका. ज्ञानाचे प्रामाण्य त्याचे त्यालाच असते. बाध, म्हणजे त्याला खोटे ठरवणारे दुसरे ज्ञान, आला किंवा ज्ञान ज्यातून उपजले त्या कारणात दोष दिसला तरच ते सोडायचे. नैयायिक म्हणेल, प्रामाण्य बाहेरून कळते. त्या ज्ञानावर विसंबून कृती केली आणि ती फळाला आली की ते खरे होते असे ठरते. भिंतीवरच्या घड्याळावर गाडी पकडणारा माणूस कुमारिलासारखा वागतो, आणि गाडी मिळाली की त्याचे ज्ञान नैयायिकाच्या कसोटीलाही उतरते. हौशी माणूस आणखी एक पाऊल टाकतो. बाध येण्याची वाट न पाहता, बाध येऊ शकेल अशा जागी तो आपण होऊन जाऊन उभा राहतो.

यावर सर्वांत जड आक्षेप येतो तो असा, की या माणसाला जे सापडले ते त्यानेच आधी घातलेले होते. खरखरीवर त्याने स्वतः माळ ठेवली, माळेशी जुळणारे तेवढे वेचले, आणि माळ सापडली म्हणून तो आनंदला. भक्ताला दगडात देव दिसतो, भाकीत मानणाऱ्याला प्रत्येक घटनेत भाकीत खरे झालेले दिसते. हा त्यांच्याहून वेगळा कसा? आक्षेप पोकळ नाही. अपेक्षेच्या जोरावर गोंगाटात आकार दिसणे हा मनाचा जुना रोग आहे, आणि धार्मिक अनुभवांच्या बाबतीत विचारी माणसांना पहिली शंका याच रोगाची येते. म्हणून इथे नेमके काय घडते ते बारकाईने पाहिले पाहिजे. माळ एका तुकड्याने सरकवली तर बेरीज कोसळते. तुकड्यांचा क्रम पुरता विस्कटला तर ती कुठेच उठत नाही. केंद्र बंद असताना हेच गणित केले तर पडद्यावर गवताळ माळरानासारखी सपाटी दिसते. म्हणजे हे साधन ‘नाही’ म्हणू शकते आणि ते बहुतेक जागी ‘नाही’च म्हणते. सेकंदातल्या शेकडो जागांपैकी एकाच जागी ते ‘हो’ म्हणते, म्हणून त्या ‘हो’ला किंमत आहे.

त्याहून महत्त्वाची बाब अशी, की माळेत आकार आहे, वेळ नाही. बेरीज कुठे उठेल हे माळ सांगत नाही. ते लहर सांगते. माळ सुलटी भेटेल की उलटी, म्हणजे शून्य की एक, हेही माळेत नाही. साठ सेकंदांचे शून्य-एक जोडून जे मिनिट, तास, वार आणि तारीख निघते ते घालणाऱ्याने घातलेले नव्हते. जेवढे आत घातले त्याहून अधिक बाहेर आले, आणि जे अधिक आले ते चुकीचे ठरू शकले असते. धर्माच्या क्षेत्रात हीच कसोटी मला पुरेशी वाटते. एखादी साधना किंवा एखादे तत्त्व आपल्याला पाहण्याचा आकार देते, आणि त्यात गैर काही नाही. आकाराशिवाय कोणालाच काही दिसत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. तो आकार प्रत्येक जागी जुळतो का? सुख आले तरी कृपा, दुःख आले तरी कृपा, काही आलेच नाही तरीही कृपा, असे असेल तर तो सरकवला तरी न कोसळणारा आकार आहे. तो धरणाऱ्याला धीर देत असेल, पण त्याला जगाविषयी किंवा स्वतःविषयी काही कळवत नाही. उलट, ‘अमुक अभ्यास इतका केलास तर राग असा उतरेल, आणि उतरला नाही तर अभ्यास चुकला किंवा आमचे चुकले’ असे जी परंपरा सांगते, तिने ‘नाही’ला जागा ठेवली आहे.

मात्र या गणिताला सुरुवात करण्यापूर्वी हौशी माणसाला एक गोष्ट मान्य करावी लागली, आणि ती शब्दावरूनच. ५१२ तुकड्यांचा क्रम त्याने खरखरीतून शोधून काढलेला नाही. पीटीबीने तो प्रसिद्ध केला म्हणून त्याला तो मिळाला. ज्याच्यापाशी क्रम नाही त्याला फेजचा तो डोल निव्वळ गोंगाट आहे. त्याचे कान कितीही तीक्ष्ण असोत आणि उपकरण कितीही महाग असो, कुठे काय पाहायचे हे कळल्याशिवाय त्याला काही दिसणार नाही. जे लोक शब्द आणि अनुभव यांना एकमेकांचे वैरी समजतात, त्यांनी या ठिकाणी थांबून विचार करावा असे मला मनापासून वाटते. अनुभववादी म्हणतो, मी पाहिल्याशिवाय मानणार नाही. पण इथे मानल्याशिवाय पाहताच येत नाही. श्रद्धावादी म्हणतो, मानले की पाहण्याची गरज उरत नाही. पण इथे मानायचे ते पाहण्यासाठीच. शास्त्रकारांनी श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा क्रम लावला त्यात श्रवण पहिले आहे, आणि ते शेवटचे नाही. ऐकलेले खरे धरून चालणे ही उधारी आहे, आणि मनन हे ती फेडण्याचे काम.

आता त्याच लहरीतले एक विरुद्ध उदाहरण. प्रत्येक मिनिटाच्या पहिल्या सेकंदांमध्ये चौदा खाने वेळेसाठी वापरलेले नाहीत. २००६ पासून त्यांतून हवामानाचा अंदाज जातो, आणि तो कुलूपबंद असतो; परवान्याची चिप असल्याशिवाय त्याचा अर्थ लागू नये अशी ती योजना. व्यापाराच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही, अंदाज बनवणाऱ्याने मोबदला का घेऊ नये? पण ज्ञानाच्या दृष्टीने एकाच लहरीत दोन जातींचे शब्द शेजारी शेजारी चालले आहेत. एकाचा क्रम जगजाहीर आहे आणि जो वाटेल त्याने तो जुळवून पाहावा. दुसऱ्याचा अर्थ एका मिटलेल्या पेटीतून येतो आणि पेटी जे म्हणेल ते घ्यावे लागते. दोन्ही शब्द खरे असतील. तरी दुसऱ्याबद्दल माझ्यापाशी जे आहे त्याला मी श्रद्धा म्हणणार नाही; ते अवलंबून राहणे आहे. ‘गुरुवाचून अर्थ कळणार नाही’ या वाक्याचेही असेच दोन अर्थ होतात. एकात गुरू क्रम शिकवतो आणि बाजूला होतो. दुसऱ्यात तो पेटी बनून राहतो.

इथे नेहमीची अनवस्था, म्हणजे ‘ते कशावरून’ची न संपणारी साखळी, दाखवली जाईल. हौशी माणूस माइनफ्लिंगेनची खूण जीपीएसच्या खुणेशी ताडून पाहतो. जीपीएसची खूण कशावरून खरी? ती अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या वेळेशी बांधलेली. ती कशावरून? शेवटी सगळे जाऊन पोचतात पॅरिसजवळ सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजन-मापे कार्यालयाशी. म्हणजे दोन साक्षीदार दोन रस्त्यांनी आले तरी निघाले एकाच गावाहून; त्यांच्या एकमताने रस्ते ठीक आहेत एवढेच कळले, गाव खरे आहे हे कळले नाही. ही अडचण मला मान्य आहे. पण रस्ते ठीक आहेत हे कळणे थोडे नाही. सूर्य उगवता-मावळता आयनांबराची उंची बदलते आणि आकाशमार्गे येणाऱ्या लहरीची फेज सरकते. तीनशे किलोमीटरांना एक मिलिसेकंद या हिशेबाने अंतराचा उशीर वजा करावा लागतो. सूर्यावर मोठा भडका उडाला की फेज अचानक ढळते. हे सगळे ओळखून वजा करणारा माणूस मूळ शब्द आणि वाटेत त्याला चिकटलेले यांतला फरक शिकतो. ग्रंथांच्या बाबतीत पाठभेद, प्रक्षेप आणि टीकाकारांचे आग्रह वेगळे काढणाऱ्या संपादकाचे कामही याच जातीचे असते.

आणि त्या शेवटच्या गावात काय आहे? जगाची प्रमाणवेळ दाखवणारे एकही घड्याळ तिथे टांगलेले नाही. जगभरच्या ऐंशीएक प्रयोगशाळांतल्या चारशेहून अधिक अणुघड्याळांच्या नोंदी जमा होतात, त्यांची भारित सरासरी काढली जाते, आणि मग दर महिन्याला एक पत्रक निघते: मागच्या महिन्यात अमुक प्रयोगशाळेची वेळ प्रमाणवेळेपासून इतके नॅनोसेकंद ढळली होती. जर्मनीची संस्था त्यात आहे, दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळाही त्यात आहे. प्रत्येकीला आपण किती चुकलो हे मागाहून कळते, आणि ते सगळ्यांसमोर छापले जाते. अनवस्थेची साखळी इथे थांबते ती कोणी अचूक आहे म्हणून थांबत नाही. चूक मोजण्याची आणि सांगण्याची सोय आहे, आणि ती मोजायला एकापेक्षा अधिक हात आहेत, म्हणून शंकेला पुढे ढकलण्याचे कारण उरत नाही. नैयायिकांनीही तपासणीचा शेवट असाच सांगितला होता: शंका जिथे थांबते तिथे तपासणी थांबते, ती अनंतापर्यंत चालवण्याची सक्ती नाही. आप्ताने कधीच चुकू नये अशी अपेक्षा मी करत नाही. आपली चूक तो कुठे छापतो, हे मला पाहायचे असते.

याला जोडूनच अमेरिकेतील एक घडामोड सांगण्यासारखी आहे. कोलोरॅडोमधील फोर्ट कॉलिन्सचे डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी हे केंद्र ६० किलोहर्ट्झवर वेळ सांगते. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर त्याने फेजमधून नवा संकेत पाठवायला सुरुवात केली; तिथे फेज १८० अंशांनी, म्हणजे पूर्ण उलटी होते. साध्या घड्याळांना काही जाणवले नाही. पण लहरीच्या फेजला घट्ट धरून वारंवारिता राखणारी जुनी उपकरणे निकामी झाली. काही हौशी मंडळींनी वाट काढली: येणारी लहर स्वतःशीच गुणून तिची वारंवारिता दुप्पट केली, की १८० अंशांचा पालट ३६० चा होतो आणि नाहीसा होतो. संस्थेने नवी रचना जाहीर केलेली होती, म्हणून हे शक्य झाले. ती जुनी उपकरणे ज्या स्थिरतेवर टेकली होती ती केंद्राने सांगितलेल्या वेळेचा भाग नव्हती. ती आजवर सोबत येत होती एवढेच. धर्मातही पुष्कळदा शब्द राहतो एका जागी आणि माणसे टेकलेली असतात त्याच्या सवयीच्या भोवतालावर. भोवताल बदलला की धर्म बुडाला असे त्यांना वाटते.

आता खरा धार्मिक आक्षेप. वेळ ही इंद्रियांच्या आणि उपकरणांच्या टप्प्यातली गोष्ट आहे. आत्मा, परलोक, मोक्ष या गोष्टी तशा नाहीत. जिथे कांडी आणि वेटोळे पोचत नाही तिथे शब्दावाचून मार्ग कोणता? न्यायसूत्रांनी यावर जे उत्तर दिले ते मला अजूनही प्रामाणिक वाटते. मंत्र आणि आयुर्वेद यांचे प्रामाण्य फळावरून दिसते. ते सांगणारा जसा आप्त, तसाच वेदाचा वक्ताही आप्त. म्हणून जे दिसत नाही त्याबद्दलचा त्याचा शब्दही मानावा. दिसणाऱ्या भागात तपासून घ्यायचे आणि तो विश्वास न दिसणाऱ्या भागापर्यंत न्यायचा, अशी ही वाट. आपण सगळे तसेच करतो. फेज स्वतः मोजणारा हौशी माणूसही सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने स्वतः मोजत नाही. पोचले तिथवर जुळले, म्हणून पुढचे मानतो. पण या पावलाची एक अट आहे आणि ती वारंवार विसरली जाते. दिसणाऱ्या भागातच शब्द खोटा ठरू लागला, तर न दिसणाऱ्या भागाबद्दलचा विश्वासही त्याच प्रमाणात ढिला झाला पाहिजे. दिसणारे जुळले तर श्रेय घ्यायचे आणि नाही जुळले तर ‘ही गोष्ट इंद्रियांच्या पलीकडची आहे’ म्हणायचे, ही पळवाट न्यायसूत्रांनी दिलेली नाही. नैयायिक जयंत भट्टाने तर नेमके उलटे सुचवले आहे: रोजच्या व्यवहारात न तपासता चालले तरी चालेल, कारण चुकले तर तोटा थोडा; पण ज्या अदृष्टासाठी पुष्कळ द्रव्य आणि श्रम खर्च करायचे, तिथे प्रामाण्य आधी ठरवून घ्यावे. भिंतीवरच्या घड्याळाला मोकळीक आहे. आयुष्य वाहायला सांगणाऱ्या शब्दाला ती नाही.

मराठीत या विचाराला परकेपणा नाही. अमृतानुभवात ज्ञानदेव आपल्या म्हणण्याला शिवसूत्रांचा आणि गीतेचा आधार देतात, आणि लगेच सांगतात की हे आपण शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटले म्हणून धरलेले नाही. त्यांनी म्हटले नसते तरी ते तसेच असते. हे लिहिणारा माणूस गुरूला वंदन करून ग्रंथ आरंभणारा आहे. निवृत्तिनाथांविषयीची भक्ती आणि हे निर्भय वाक्य एकाच ग्रंथात शेजारी राहतात, कारण गुरूकडून मिळालेला क्रम त्यांनी स्वतः जुळवून पाहिला होता आणि त्यांच्याजवळ तो जुळला होता. त्याच क्रमाला त्यांनी संस्कृतातून मराठीत आणले. जो वाटेल त्याने पाहावे अशी सोय केली. अधिकार लागतो हे खरे, फेजचे गणितही सरावाशिवाय कोणाला जमत नाही. पण तो अधिकार मेहनतीने मिळणारा असावा. जन्माने मिळणारा किंवा नाकारला जाणारा अधिकार म्हणजे परवान्याची चिप.

वेळेच्याच बाबतीत हा वाद महाराष्ट्रात प्रत्यक्ष लढला गेला आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ग्रहलाघव रचले. त्याने कोणताही एक सिद्धांत डोळे मिटून घेतला नाही. सूर्य एका ग्रंथाप्रमाणे, गुरू दुसऱ्याप्रमाणे, कुठे काही कला वजा करून, असे आकाशाशी जे जुळले ते निवडले. त्याचे वडील केशव स्वतः वेध घेणारे होते. पुढे तीनशे वर्षे महाराष्ट्रातली पंचांगे या ग्रंथावरून होत राहिली आणि तेवढ्या काळात त्याचे गणित आकाशापासून ढळत गेले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या गणितावरून नवे पंचांग काढले, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी या सगळ्याचा इतिहास लिहिला, आणि टिळकांनीही सुधारलेल्या पंचांगाच्या बाजूने जोर लावला. विरोध झाला तो वेधांना नव्हता. एकादशी, श्राद्ध, संक्रांत यांचे दिवस हलतील ही भीती होती, आणि जुन्या ग्रंथाला हात लावणे ही अश्रद्धा वाटत होती. वास्तविक ग्रहलाघवाचा शब्द सांभाळणाऱ्यांनी ग्रहलाघवकाराची रीत सोडली होती. त्या पंचांगांना हात लावणाऱ्यांनी ती पुन्हा उचलली.

त्या वादात एक प्रश्न विचारला गेला असणार, आणि तो हलका नाही: जुन्या पंचांगावरून चुकीच्या दिवशी एकादशी धरलेल्या बाईचा उपवास वाया गेला का? माझ्या मते गेला नाही. तिच्यापुढे बाध आला नव्हता. कुमारिलाच्या न्यायाने तिचे ज्ञान प्रमाण होते आणि त्यावरून केलेले व्रत पुरे होते. हे संरक्षण ऐकणाऱ्याला आहे. गणित आकाशाशी जुळत नाही हे कळल्यावरही जुनेच आकडे छापून देणाऱ्याला ते मिळत नाही, कारण वात्स्यायनाच्या व्याख्येतली दुसरी अट, जाणले तसे सांगण्याची इच्छा, तिथे मोडली आहे. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना तपासणे कधीच जमणार नाही, त्यांना तेवढी सवड नसते आणि साधनेही नसतात. म्हणूनच तपासू शकणाऱ्या थोड्यांना क्रम मोकळा ठेवणे आणि आपली ढळ छापत राहणे हे सांगणाऱ्याचे काम आहे, मग तो ब्राउनश्वाइगच्या प्रयोगशाळेत बसलेला असो की मठात.